रिकामा फोल्डर

हीउमा बेटावर, कार्द्लाच्या बंदराशी,
लाकडी होड्यांचं एक संग्रहालय आहे.
दोन खोल्या, एक शेड.
त्याच्या वेबसाइटची डागडुजी माझ्याकडे.
मजकूर लेइदा लिहिते. वय एकोणऐंशी.
तिच्यासमोर एक पांढरी चौकट:
ठळक, तिरपं, यादी, लिंक,
आणि चित्राचं एक बटण, दाबलं की विचारणारं,
पत्ता?
कसला पत्ता, ती म्हणायची,
फोटो तर माझ्या मांडीवर आहे.

म्हणून आठ वर्षं, दर गुरुवारी, फोन.
"उर्मास, तिसऱ्या परिच्छेदाखाली.
नाही रे, ती नको, काळ्या डोलकाठीची."
मी इकडे ताल्लिनमध्ये, फोन मानेत धरून,
तिची होडी उचलून तिच्या ओळीखाली ठेवायचो.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच,
फक्त मला शेळ्या दिसत नव्हत्या
आणि तिला उंट.

फेब्रुवारीत समुद्र गोठला, फेरी अडकली,
तेव्हा मनावर घेतलं:
त्या चौकटीच्या आतच एक फडताळ बसवून टाकू,
तिचं ती काढेल, तिचं ती ठेवेल.
सूचनांत लिहिलं होतं, चार ओळींचं काम.
चार ओळींना चार रात्री लागल्या.

पहिल्या रात्री खिडकी उघडली ती कोरीच.
वाटेत कुठेतरी एक तिरकी रेघ कमी होती.
दुसऱ्या रात्री सगळंच दिसलं, अगदी सगळं,
माझे पासवर्ड, जुनी बिलं, पार माजघरापर्यंत.
घाईघाईनं दार लोटलं,
कुलपावर लिहिलं: लेइदा, एवढ्याच खोलीत.
तिसऱ्या रात्री फोटो निवडला तरी खिडकी मिटेना.
निरोप्या उंबऱ्यात उभा, आणि निरोपच विसरलेला.
चौथ्या रात्री, पावणेतीनला,
काकडीच्या लोणच्याची बरणी
(चाचणीसाठी हाताशी तेवढीच होती)
अलगद ओळीखाली येऊन बसली.
मी टाळी वाजवली. एकच. भिंतीपलीकडे माणसं झोपलेली.

दाखवायला गेलो तो बर्फावरच्या रस्त्यानं,
पट्टा न लावता, काच खाली करून, तिथला नियम तसाच आहे.
लेइदानं चष्मा बदलला.
"आणि हा डबा कसला?"
नको ते पुसून टाकायला.
"काढ तो."
चुकून दोनदा चढवलं तर?
"तर दोनदा राहील.
होडी एकदा जाते ती पुरे."
एका ओळीत 'हो' होतं, तिथे 'नाही' केलं.
डबा गेला.

गुरुवार आला. फोन आला नाही.
पुढचाही तसाच.
काम नीट झाल्याची खूणच ती, मी म्हटलं,
आणि सर्व्हरची नोंदवही उघडून बसलो.
रात्री दहा चौदा: चढवलं, 'मेरिके', डावी बाजू.
दहा एकवीस: नाव बदललं.
दहा बावीस: पुन्हा पहिलंच नाव.
अकरा पाच: नवा फोल्डर.
त्याचं नाव 'अजून यायच्यात'.
आत काही नाही.

रविवारी पहाटे सर्व्हरवर माझा एक झाडूवाला फिरतो.
रिकामं दिसेल ते उचलतो, कुणाला विचारत नाही.
मीच लिहिलेला, आठ ओळींचा.
शनिवारी रात्री त्यात नववी घातली:
हे सोडून.
शेजारी कारण लिहायची पद्धत आहे,
सहा महिन्यांनी आपलं आपल्याला कळावं म्हणून.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
शेवटी मीच नंबर फिरवला.
किती यायच्यात, लेइदा?
"आधी बर्फ तर वितळू दे," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"आणि ती तुझी लोणच्याची बरणी
अजून इथेच आहे, होड्यांच्या मधोमध.
मला काढता येत नाही."